डेंबोळ

मात्राबाईंच्या वाटेला शहाणा माणूस जात नसे. छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासून नजर अशी झाली होती, की लग्नपत्रिकेत आधी चूक दिसे, नवरदेव मागाहून.

बाईंना नाद एकच. कानाला जुळे वाटणारे, पण बाप वेगळा असलेले शब्द गोळा करायचे. सकल म्हणजे सगळं, शकल म्हणजे तुकडा. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे सारथी. एकेकाचं मूळ हुडकून ते रद्द प्रुफाच्या पाठीवर लिहायचं आणि चिठ्ठी बुटाच्या खोक्यात टाकायची. कोरा कागद वापरणं त्यांना पाप वाटे. अशा नऊशे जोड्या जमल्या होत्या.

धाकट्या बहिणीचा नवरा निवृत्त हेडमास्तर. "ताई, दोन दिवस चाळतो," म्हणत खोकं घेऊन गेला. परत मागितलं तर म्हणाला, "अहो, ते चुकून रद्दीत गेलं."

चार महिन्यांनी बाईंच्याच टेबलावर प्रुफं आली. शब्द बाईंचे, नाव भाऊजींचं. प्रस्तावनेत म्हटलेलं, 'आजीच्या तोंडून ऐकलेले शब्द, चाळीस वर्षांची तपश्चर्या.'

मी शेजारीच बांधणीला बसायचो. म्हटलं, आता काही खरं नाही. पण बाईंनी चहा मागवला, अख्खं पुस्तक निमूट तपासलं आणि एक चिठ्ठी लिहून बहिणीच्या घरी धाडली. सोबत निरोप, 'भाऊजी, खोक्यातली ही एक माझ्याकडे राहिली होती.' चिठ्ठीवर होतं, टेंबोळ म्हणजे रिकामं भांडं; डेंबोळ म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवून आपल्या घरची ढेकर देणारा.

"असे शब्द आहेत?" मी विचारलं.

"सकाळी साडेदहापर्यंत नव्हते."

हावरटाला नऊशे कुठे पुरतात? जोडी पुस्तकात गेली. प्रकाशनाच्या दिवशी भाऊजींनी खिशातून तीच चिठ्ठी काढून वाचली, वर सांगितलं, "मी सहा वर्षांचा होतो. आजीनं स्वतःच्या हातानं मला हे लिहून दिलं."

मात्राबाई उठल्या. "भाऊजी, चिठ्ठी जरा उलटी करा."

त्यांनी केली, आणि घाईघाईनं पुन्हा सुलटी केली. शेवटी अध्यक्षांनीच ती हातातून घेऊन पाहिली. पाठीमागे भाऊजींच्याच पुस्तकाचं रद्द झालेलं पहिलं पान, गेल्या महिन्याच्या तारखेसकट.

"आजी आमच्या छापखान्यात होत्या का हो?" बाईंनी विचारलं. "बरं, ते राहू द्या. सकल आणि शकल, दोन्हींचं मूळ सांगा. पुस्तक मिटून."

भाऊजींनी पुस्तक मिटलं, आणि लगेच पुन्हा उघडलं. लोक खुर्च्या सरकवू लागले.

आठवड्यानं बहीण डोळे पुसत आली. "ताई, एकदा माफ कर त्यांना. बाजारातसुद्धा जात नाहीत."

"चूक दिसली की मी खूण करते. खोडायचं काम माझं नाही."

दुसरी आवृत्ती बाईंच्या नावानं निघाली. मी म्हटलं, "आता तरी ती खोटी जोडी काढा." बाईंनी टेंबोळ काढला. डेंबोळ ठेवला, आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'मूळ: आमचे भाऊजी.'