नैऋत्येचा धोंडा

दगड कोरडा बघून घेऊ नये, हे बजरंग प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. सांगून थांबत नाही, मगभर पाणी ओततो. राखाडी दगड काळाभोर होतो, मळकट पिवळ्यातून मधाचा रंग वर येतो. "पावसाळाभर असा दिसंल बघा. आवडला तरच न्या." सूसच्या रस्त्याला त्याचं दगडांचं आवार आहे. वय बावन्न. जन्मभर शेतातले दगड वेचून बांधावर टाकले, जमीन विकली, आता तेच दगड वेचून लोकांच्या बागेत मांडतो, असं तो स्वतःच हसून सांगतो.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मात्र त्याला हसू येत नव्हतं.

पूर्णिमाताईंच्या बंगल्यात त्याचं आठवडाभर काम चालू होतं. पायवाटेच्या फरश्या बसल्या, झाडांच्या आळ्यांत पांढरे गोटे पडले. राहिला होता फक्त तीन टनांचा काळा धोंडा. तो फाटकापाशी बसायचा होता. तिथली जमीन बजरंगने खणून, खडी ठोकून तयार ठेवली होती. हायड्रा क्रेन येऊन उभी होती, धोंडा पट्ट्यांत अडकून हातभर उचललाही गेला होता, आणि पूर्णिमाताई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या.

"बजरंगराव, जागा बदललीये. फाटकापाशी नको. मागे, हिरवळीवर."

"मागं कुठं?"

"तो कोपरा. काल वास्तूवाले येऊन गेले. जड वस्तू नैऋत्येला हवी म्हणे. आणि मलाही स्वयंपाकघरातून दिसेल."

बजरंगने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. ही जमीन चौदा वर्षांपूर्वी त्याची आणि त्याच्या थोरल्या भावाची, वैजनाथची होती. त्या कोपऱ्यात त्यांचा आड होता. सहा फूट रुंद, चाळीस फूट खोल.

"ताई, तिथं शोभायचा नाय."

"शोभेल का नाही ते मी बघते. तुम्ही बसवा."

"हिरवळ खराब हुईल. क्रेनची चाकं..."

"हिरवळ माझी आहे."

"मातीच भुसभुशीत हाय तिथं."

"आठवडाभर इथे आहात. आज सकाळी भुसभुशीत झाली?" ताईंनी चहाचा घोट घेतला. "आपल्याला जमणार नसेल तर तसं सांगावं. कारणं गोळा करू नयेत."

क्रेनवाला हिंमतराव वरून ओरडला, "बजरंगशेठ, ठरलं का? मला अकराला बाणेरला पोचायचंय."

"दोन मिनिटं," म्हणत बजरंग भिंतीच्या आडोशाला गेला आणि भावाला फोन लावला.

"दादा, आडावर धोंडा ठेवा म्हणत्यात."

 "किती वजनाचा?" वैजनाथने विचारलं.

"तीन टन. वर क्रेन."

"धरंल. चौदा वर्षांत काय झालं का?"

"चौदा वर्षांत वर गवत हुतं, दादा."

"हे बघ बजा, कागदावर तुझी बी सही हाय. 'आड बुजवून दिला', असं लिवून दिलंय आपण. माझ्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय. तोंड उघडलंस तर दोघांची अब्रू जाईल. गप काम कर आणि घरी ये."

फोन बंद झाला.

जमीन विकताना आई आडाच्या काठावर बसून राहिली होती. जित्या पाण्यावर माती टाकू देणार नाही म्हणाली, आणि दोन दिवस उठली नाही. खरेदीखताचा दिवस जवळ आलेला. शेवटी दोघा भावांनी आडाच्या तोंडावर लोखंडी गर्डर आडवे टाकले, त्यावर शहाबादी फरश्या, त्यावर दीड फूट माती. आई उठली. व्यवहार झाला. पुढे ताईंनी हिरवळ लावली, तेव्हा बजरंगने स्वतःची समजूत घातली होती की गवताला काय वजन असतं.

भिंतीमागून तो परत आला तेव्हा क्रेन निघाली होती.

ताईंनीच हात करून वाट दाखवली होती. हायड्रा पुढे धोंडा झुलवत, गुरगुरत, माणसाच्या चालीने हिरवळीवर उतरत होती. दोन्ही बाजूंना चाकांचे खोल ओरखडे उठत होते. हिंमतराव वरून धोंडाच बघत होता, जमीन नाही. कोपरा वीस फुटांवर. मग पंधरा.

बजरंग पळाला. पळत जाऊन धोंड्याच्या समोर उभा राहिला, दोन्ही हात वर करून.

ब्रेक करकरला. धोंडा झोल खाऊन त्याच्या छातीपर्यंत आला आणि मागे गेला.

"मरायचंय का रे तुला?" हिंमतराव दार उघडून अर्धा बाहेर आला.

"मागं घे. चाक पुढं टाकू नको. मागं घे आधी."

पूर्णिमाताई तरातरा आल्या. "काय चाललंय हे? नाटक आहे का?"

"ताई, हितं आड हाय."

"होता. वाचलंय मी कागदात. बुजवलाय."

"बुजवला नाय. झाकलाय."

ताईंना वाक्य कळायला वेळ लागला. बजरंगने पायवाटेवर पडलेली आपली पहार उचलली, कोपऱ्याच्या कडेला जाऊन हिरवळीत मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला खाली काहीतरी फुटलं आणि पहार हातातून सुटता सुटता राहिली. मूठभर माती आत सरकली. खालून ती पाण्यात पडल्याचा आवाज आला, क्षणभर उशिराने.

हिंमतराव परत वर चढला आणि क्रेन मागे घ्यायला लागला.

"कोणी झाकला?" ताईंचा आवाज खाली आला होता.

"मी."

"एकट्याने?"

वैजनाथचं नाव जिभेवर आलं. कागदावर ते होतंच, ताई आत जाऊन वाचतीलच. "मी आणि माझा भाऊ. पण आज सांगायला हवं हुतं ते मी. आठवडाभर हितंच हाय."

"आठवडा?" ताई म्हणाल्या. "दोन वर्षं माझी मुलगी संस्कृती इथे बॅडमिंटन खेळतेय, बजरंगराव."

बजरंगने पहार खाली ठेवली.

ताईंनी कप पायवाटेवर ठेवला. कप फरशीवर वाजला. "वकिलांना फोन करतेय मी. तुमच्या भावाला इथे बोलवा. आणि माझ्या बागेला यापुढे तुमचा हात लागायला नको."

"बरं."

"मग उभे का? निघा."

"निघतो. पण आधी एवढं उघडू द्या. गर्डर कुठं टेकलेत ते हितं माझ्याबिगर कुणाला ठावं नाय. दुसरा कुणी वर चढला तर तोच आत जाईल."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या भोकाकडे. "कंबरेला दोर बांधा," त्या म्हणाल्या, आणि खिडकीत येऊन उभ्या राहिलेल्या मुलीला आत व्हायला सांगितलं.

हिंमतरावने बाणेरला फोन करून येत नाही म्हणून कळवलं. धोंडा फाटकापाशी उतरवून त्याने पट्टा सोडवला, आडापासून लांब राखत क्रेन परत आणली, पट्ट्याचं एक टोक क्रेनच्या हुकाला अडकवलं आणि दुसरं बजरंगच्या कंबरेभोवती आवळलं. बजरंग पालथा झाला आणि कडेची माती हाताने ओढायला लागला.