पेडल नसलेला क्लच

माझ्याकडे एके काळी स्पोर्ट्स कार होती, हे वाक्य लिहिताना आजही मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. मी रोह्याला राहत होतो, पेणच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो, आणि माझ्याकडे पाहून कुणी सायकलसुद्धा उसनी दिली नसती.

दोष गुडघ्याचा होता. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली. एसटीत उभं राहायलाही मनाई केली. मग पेणला जायचं कसं, हे त्यांच्या विषयात येत नव्हतं. त्याच सुमारास मस्कतला निघालेल्या मावसभावाने आपली लाल, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी स्वस्तात माझ्या गळ्यात मारली. तिला क्लचचं पेडलच नव्हतं. गिअर हातानेच टाकायचा, पण दांड्याची मूठ धरली की एक पंप आपोआप क्लच दाबायचा, आणि मूठ सोडून ॲक्सिलरेटर दिला की हळूहळू सोडायचा.

पेडल नव्हतं, क्लच होता. एवढी साधी गोष्ट मी पुढची दोन वर्षं तालुकाभर समजावत फिरलो.

यंत्राला लाज नसते ही खरी अडचण. क्लच अर्धवट दाबून गाडी रांगवली तर प्लेट झिजते हे माणसाच्या पायाला कळतं. पंपाला कळत नाही, तो तिला निवांत घासत बसतो. म्हणून नियम मीच पाळायचे. थांबलं की न्यूट्रल. चढावर हँडब्रेक. मुठीवर उगाच हात ठेवायचा नाही. आणि वाटेतल्या भिसे खिंडीत ट्रकच्या मागे रांगायचं नाही. कडेला थांबायचं, ट्रक वर गेला की निघायचं. इतक्यांदा थांबलो की तिथे काकड्या विकणारी बाई मला ओळखायला लागली.

"मास्तर, आज पन बिघडली काय?"

"बिघडू नये म्हणून थांबलोय."

"मंग बिघडलेली बरी. धक्का तरी मारला असता कोनी."

एवढं करूनही पेणच्या मेकॅनिकने एके दिवशी गाडीखालून डोकं बाहेर काढून सांगितलं की प्लेट संपत आली आहे. नवीन मागवली तर यायला दोन महिने. "तोपर्यंत जाईल," तो म्हणाला, "फक्त रांगवू नका." मी प्लेट मागवली आणि दोन महिने ती गाडी काचेच्या भांड्यासारखी चालवायची ठरवली, कारण दुसरा पर्याय एसटी होता.

तिसऱ्या आठवड्यात आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. संस्थेच्या अध्यक्षांनी मिरवणूक ठरवली: शाळेपासून सरांच्या घरापर्यंत, बँड, फेटे आणि माझी गाडी.

"पायी चालण्याच्या वेगाने क्लच जळेल," मी म्हणालो.

"कुठला क्लच?" अध्यक्षांनी दार उघडून आत वाकून पाहिलं. दोन पेडलं मोजली. "हाय कुठं? मास्तर, द्यायची नाय तर सरळ सांगा, जो अवयवच नाय त्याचं दुखणं सांगू नका."

बाकीचे शिक्षक हसले. मी जीपचं सुचवलं. जीपमध्ये शोभा नाही, असं ठरलं. मग मी म्हटलं की इंजिन बंद ठेवू, माजी विद्यार्थी ढकलतील. त्यावर अध्यक्ष गंभीर झाले. छत्तीस वर्षं सेवा केलेल्या माणसाला बंद गाडीतून निरोप?

इंजिन चालू ठेवून निघालो. पुढे बँडवाले एक पाऊल टाकत आणि दोन गाणी वाजवत. मी जमेल तसं करत होतो: दहा फूट जायचं, न्यूट्रल, थांबायचं, पुन्हा दहा फूट. दर वेळी मागून अध्यक्ष ओरडत, "झटके कशाला देताय? सलग घ्या, सलग!" शेजारी सर फेट्याखाली घामाघूम. त्यांच्या मांडीवर हार, शाल, नारळ, आणि प्रत्येक झटक्याला नारळ घरंगळून गिअरच्या मुठीवर यायचा. पंपाला वाटायचं मीच मूठ धरली, तो क्लच दाबायचा. मी एका हाताने नारळ ढकलत होतो आणि दुसऱ्याने गाडी सांभाळत होतो. लोक समजले मी हात हलवून अभिवादन करतोय. त्यांनीही हात हलवले.

बाजारपेठेतल्या चढावर जळका वास आला.

सर विज्ञान शिकवायचे. त्यांनी नाक वर केलं. "क्लच?"

"हो, सर."

"पण अध्यक्ष म्हणाले..."

"पेडल नाही, सर. क्लच आहे."

"अर्थात असणार," सर म्हणाले. गेल्या दोन वर्षांत ते मला कुणी पहिल्यांदाच म्हणालं. त्यांनी नारळ माझ्या मांडीवर ठेवला, दार उघडलं आणि उतरून सरळ बँडच्या पुढे चालायला लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, वाचलो.

पण सजवलेली गाडी मोकळी दिसणं बरं नव्हे. अध्यक्षांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि ते आत येऊन बसले. सरांनी सीटवर ठेवलेला हार त्यांनी जागा व्हावी म्हणून उचलला आणि ठेवायला जागा नाही म्हणून गळ्यात घातला. त्यांनी लोकांना हात जोडले.

"घ्या पुढे," ते ओठ न हलवता म्हणाले.

मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं. गाडी हलली नाही. आणखी दाबला, धूर आला आणि आम्ही चढावरून सावकाश मागे घसरू लागलो. मी हँडब्रेक ओढला. बँड सरांच्या मागून वळणाआड गेला.

"काय झालं?"

"जो अवयव नव्हता तो गेला."

ते हार काढून उतरले आणि घाईने वळणाकडे चालू लागले. गाडी ढकलायला मला दोन हमाल बघावे लागले.

सोमवारी पहाटे मी रोह्याच्या स्थानकात उभा होतो. एसटी भरून आली. कंडक्टर म्हणाला, "आत सरका, मागं लय जागा हाय." मागे जागा नव्हती. नागोठण्यापर्यंत मी उजव्या पायावर उभा राहिलो, फक्त भिसे खिंडीत दोन्हींवर. प्लेट यायला अजून पाच आठवडे होते.