आवरून ठेवलेलं छप्पर

“ही बोलते कधी, की नुसती बघत बसते?”

विमा कंपनीचा तपास अधिकारी ठाणे अंमलदाराला हळूच विचारत होता. मी दोनच टेबलं सोडून बसले होते, पण मला ऐकू जाणार नाही असा त्याचा समज होता. अंमलदार हसले. “कॉन्व्हेंटची आहे साहेब. बोलेल. मूड लागला तर इंग्लिशमध्ये बोलेल.”

खाकी उतरवून मला फार काळ झालेला नाही. वय निवृत्तीचं नव्हतं, घरच्या अडचणीमुळे राजीनामा दिला. पोलीस उपनिरीक्षक म्हणून जी काही वर्षं काढली, त्यातलं बरंच आता पुसट झालं आहे. हे वाक्य मात्र अजून कानात आहे आणि त्यामागचं प्रकरणही. काळाचौकीतून जाताना आजही माझी नजर आधी छपरांकडे जाते. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती कळतील.

गणपती होऊन गेले होते आणि पाऊस परतीच्या वाटेवर होता. एका संध्याकाळी जोराचं वादळ झालं. काळाचौकीतल्या एका जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर परळच्या एका सरकारी रुग्णालयातल्या स्टाफ नर्स राहत होत्या. त्यांच्या खोलीवर मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर होतं आणि ते त्या वादळात गेलं. खोली घेताना बँकेच्या कर्जासोबत घराचा विमाही उतरवलेला होता, म्हणून त्यांनी क्लेम केला. कंपनीचा सर्व्हेअर येऊन पाहून गेला आणि काही दिवसांनी कंपनीने उलट आमच्याकडेच तक्रार अर्ज दिला. छप्पर वादळाने गेलेलं नाही, जुनी कौलं हाताने उतरवून विम्यातून नवं छप्पर घालण्याचा हा प्रयत्न आहे, सबब फसवणुकीचा गुन्हा दाखल करावा, असं त्यात म्हटलं होतं.

कंपनीला आधी एक फोन गेला होता. कौलं हाताने उतरवली जात असताना आपण स्वतः पाहिली, असं कुणीतरी कळवलं होतं. सर्व्हेअरचे फोटोही त्याच्याशी जुळत होते. कौलं भिंतीलगत रांगेत रचलेली होती, खोली धुतलेली होती, फुटक्या कौलाचा एक तुकडासुद्धा कुठे दिसत नव्हता. वादळ होऊन गेलेलं घर असं दिसत नाही, हे मलाही पटलं.

प्राथमिक चौकशी माझ्याकडे आली. मी बाईंना ठाण्यात बोलावलं.

त्या ड्युटी संपवून थेट आल्या होत्या. हातात डबा होता आणि पाठ ताठ.

“बसा सिस्टर. कौलं कुणी काढली?”

“आम्हीच काढली.”

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. “कबुली आहे मॅडम,” ते पुटपुटले. “लिहितो आणि मोकळे होऊ.”

बाईंनी मलाच विचारलं, “गुन्हा लागला तर सस्पेंड करतील ना हो मला? पेन्शनला आले मी. वॉर्डात तोंड कसं दाखवू?”

त्यांना खोटा धीर देणं मला जमलं नाही. सरकारी नोकरी होती आणि फसवणुकीचा आरोप, त्यात निलंबन ठरलेलंच. पण काहीतरी खटकत होतं. खोटं बोलणारा माणूस कारण आधी सांगतो. विचारायच्या आत त्याची गोष्ट तयार असते. या बाईंनी फक्त केलेलं काम सांगितलं होतं, कारण दिलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

“का काढली?”

“लोंबत होती म्हणून. वाऱ्याने अर्धी गेली, राहिलेली गल्लीवर लोंबायला लागली. खालून शाळेची मुलं जातात हो. सकाळी मंडळातली पोरं चढली, लोंबणारी सगळी उतरवली, मांडवाची ताडपत्री टाकली.”

“आणि खोली धुतली कशाला?”

त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मी फारच बाळबोध प्रश्न विचारला होता.

“साहेब येणार होते ना बघायला! मोठे डॉक्टर राऊंडला यायच्या आधी आम्ही वॉर्ड आवरतो. तसाच चिखल आणि तुकडे ठेवायचे का त्यांच्यासमोर? बिल्डिंगच्या सगळ्या बाया लागल्या. तुकडे पोतीच्या पोती भरून खाली टाकले, कचऱ्याची गाडी घेऊन गेली. साहेबांना पोहे पण केले होते मी.”

हवालदारांना हसू आवरेना. मला मात्र हसू येईना. घरी येणाऱ्या पाहुण्यासाठी या माणसांनी स्वतःचा पुरावा झाडून, पुसून, पोत्यात भरून देऊन टाकला होता.

घराच्या विम्यात वादळाने झालेलं नुकसान भरून मिळतं, छप्पर जुनं होऊन बसलं तर मिळत नाही. सगळा वाद तेवढ्यावरच चालतो. नुकसान आणखी वाढू नये म्हणून घरमालकाने हात-पाय हलवावेत, अशी अटही पॉलिसीत असते. लोंबणारी कौलं उतरवणं, ताडपत्री टाकणं यात म्हणूनच काही गैर नव्हतं. प्रश्न एकच होता. वाऱ्याने गेलेली अर्धी कौलं कुठे आहेत?

साहेबांनी, म्हणजे आमच्या वरिष्ठ निरीक्षकांनी, हेच विचारलं. “फोटो आहेत? नाहीत. तुकडे? नाहीत. साक्षीदार? तो कंपनीचा. मग काय मॅडम, पोहे पंचनाम्यात घेणार?”

मी म्हणाले, “यस सर.” त्या ठाण्यात माझ्या तोंडून बहुतेक एवढंच निघायचं.

फोन करणारे काका समोरच्या इमारतीत राहत. माणूस सरळ होता.

“मी खोटं कशाला बोलू, बाळा? डोळ्यांनी बघितलंय. पोरं बसली होती वर, एक काढतोय, एक खाली देतोय. चेन लावली होती.”

“केव्हा?”

“सकाळी. खिडकी उघडली तर समोर हेच.”

“आणि आदल्या संध्याकाळी?”

“आदल्या संध्याकाळी वारा केवढा होता! खिडक्या लावून आत बसलो होतो.”

खोटा साक्षीदार प्रश्नांपुढे टिकत नाही. ज्याने खरं पण अर्धंच पाहिलंय तो जास्त अवघड, कारण तो कुठेच अडखळत नाही. काकांची खिडकी बंद होती तेव्हाच छप्पर गेलं होतं. पण ते मला वाटून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं.

मी वर जायचं ठरवलं. सर्व्हेअर खोलीत उभा राहून फोटो काढून गेला होता, वर चढला नव्हता. मंडळाची बांबूची शिडी पॅसेजमध्ये लावली, हवालदारांनी खालून धरली. पंच म्हणून इमारतीबाहेरचे दोघे घेतले होते.

“सांभाळून मॅडम. पडलात तर पंचनामा तुमचाच करावा लागेल.”

मी बूट काढून चढले. ताडपत्रीची कड उचलून डोकं बाहेर काढलं. पुढच्या बाजूला गल्ली होती आणि समोर काकांची खिडकी. त्या बाजूच्या रिपा, म्हणजे कौलं पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या, जागच्या जागी होत्या. कौलं इथूनच हाताने उतरवलेली होती. मग मी छपराच्या कण्यावरून मागच्या बाजूला वाकले.

तेवढ्यात खालून बाईंचा आवाज आला, कासावीस झालेला.

“अहो मॅडम, तिकडं नका बघू! तिकडचं आवरायचं राहिलंय. गोडाऊनला कुलूप आहे, मालक फोन उचलत नाही. पोरांनी खूप प्रयत्न केला. लाज वाटते हो.”

मागच्या बाजूला बंद गोडाऊनचं पत्र्याचं छप्पर होतं. त्यावर लांबपर्यंत कौलं विखुरली होती. काही फुटलेली, काही उलटी पडलेली, शेवाळाची बाजू पत्र्याला लागलेली. मधोमध एक लांब रीप पडली होती आणि तिच्या टोकाला तारेने बांधलेली दोन कौलं तशीच लटकत होती. तुटलेल्या टोकाचं लाकूड आतून फिकट, ताजं दिसत होतं. माझ्या हाताखालच्या वाशावर तिचंच दुसरं टोक होतं, वरच्या दिशेने चिरफाळलेलं. हाताने उतरवलेली कौलं कुणी कुलूपबंद गोडाऊनवर इतक्या लांब फेकत नाही, तीही रिपेसकट.

“हवालदार,” मी वरून हाक मारली, “पंचांना वर पाठवा. एकेक करून. आणि फोटोग्राफर बोलवा.”

बाई अजून माफीच मागत होत्या. जे आवरता आलं नाही म्हणून त्या खाली मान घालून उभ्या होत्या, तेवढंच त्यांना वाचवणार होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. गुन्हा दाखल झाला नाही. कंपनीने दुसरा सर्व्हेअर पाठवला आणि क्लेम मंजूर केला. बाईंनी पूर्ण नोकरी केली आणि वॉर्डातूनच सन्मानाने बाहेर पडल्या.

त्या प्रकरणानंतर मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, छप्पर उडालं तर आधी फोटो काढा, मग झाडू हातात घ्या. लोंबणारं जरूर उतरवा, पण फुटलेलं फेकू नका. आणि स्वतःसाठी शिकले ते असं की माणसं जे लपवतात त्यात गुन्हाच असतो असं नाही. पुष्कळदा त्यात नुसती लाज असते. आणि गप्प राहून नीट बघणं हे अर्धंच काम आहे. काकांनीही नीटच पाहिलं होतं.

तर पंचनामा घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले, तेव्हा कंपनीचा अधिकारी समोरच बसला होता. साहेबांनी फोटो चाळले आणि बाजूला ठेवले.

“ठीक आहे. पण बाईने कौलं काढल्याचं कबूल केलंय आणि कंपनीचा अर्ज आहे. गुन्हा दाखल करून टाका. पुढचं कोर्ट बघेल. आपल्या डोक्याला ताप कशाला?”

अधिकारी पेनाला टोपण लावत म्हणाला, “एक्झॅक्टली सर. आमचा माणूस स्पॉटवर जाऊन आलाय.”

“छपरावर गेला होता?” मी विचारलं.

दोघांनी वर पाहिलं.

“त्याची गरज नव्हती,” अधिकारी म्हणाला.

बाजूला ठेवलेले फोटो मी पुन्हा टेबलाच्या मधोमध सरकवले.

“नाही सर,” मी साहेबांकडे बघून म्हणाले. “घर आवरलं म्हणून मी कुणावर गुन्हा लिहिणार नाही. तुम्हाला लिहायचा असेल तर माझा पंचनामा त्याला जोडावा लागेल, आणि मी कोर्टात तेच सांगेन जे वरून पाहिलंय. नाहीतर यांना आत्ता काळाचौकीला पाठवा. मीही येते. हे वर चढू देत, शिडी मी धरते.”