पेट्रोल, डिझेल आणि कवडी दही

माझ्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये दुसरा नसेल, आणि असलाच तर तो अजून विमानातून उतरावं की नाही याचा विचार करत बसला असेल. कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय घरात येऊ द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. नोकरीही त्याला साजेशीच होती. जन्मभर त्यांनी पूल तपासले. लंडनमधल्या स्टॅनमोरचं घर घेण्याआधी ते तिथल्या संडासात दार लावून बराच वेळ बसले होते, शेजाऱ्यांचा आवाज येतो का ते ऐकायला. मालकीणबाईंनी काळजीने दार ठोठावलं तेव्हा आतून उत्तर आलं, ‘आय अ‍ॅम ओन्ली लिसनिंग!’ गादी घ्यायला गेले ते घरून उशी घेऊन. एका गादीवर उजव्या कुशीवर आणि दुसरीवर डाव्या कुशीवर झोपून पाहिलं, आणि तिसरीवर खरोखरच घोरायला लागले. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेव्हणी, तेवढा वेळ दुकानाच्या दाराशी अनोळखी बाईसारखी उभी होती. लग्नाच्या वेळीही हे गृहस्थ पुन्हा पोहे खायला आले होते म्हणे. पहिल्या खेपेचे पोहे चुकून चांगले झाले नसतील कशावरून? ‘तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं,’ असं ताई चारचौघांत सांगते, आणि साडू ते कौतुक समजून हसतात.

अशा माणसाने मोटरहोम, म्हणजे आत पलंग आणि स्वयंपाकघर असलेली गाडी, घ्यायचं ठरवलं. कारण मात्र खरं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी पार तिकडे स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला असते, आणि तिला दिवस गेले होते. पहिल्या बाळंतपणाला आई हवी, हे ताईने मुलगी शाळेत होती तेव्हापासून ठरवून ठेवलेलं. पण त्याच वर्षी ताईच्या पाठीचं ऑपरेशन झालं. तिला सलग बसवेना, थोड्या थोड्या वेळाने आडवं व्हावं लागे. ऑपरेशननंतर तिला घरी आणताना साडूच गाडी चालवत होते. प्रत्येक स्पीड बंपला मागच्या सीटवरून ‘आई गं’ ऐकू यायचं. आमच्या हॅरोच्या रस्त्यांवर स्पीड बंप किती आहेत हे त्या दिवशी त्यांना कळलं, आणि ते ‘आई गं’ त्यांच्या कानात जे बसलं ते बसलंच. मोटरहोम घेऊ, वाटेत हवं तिथे थांबू, ती पलंगावर पडेल, मग पुढे जाऊ, ही कल्पना त्यांची. ऐकून ताईचे डोळे भरून आले होते. तिला बिचारीला वाटलं, पुढच्या आठवड्यात निघायचं.

पण गाडी पेट्रोलची की डिझेलची? डिझेल इंजिन धडधडतं, पाठीला हादरे बसतील. पेट्रोलचं मऊ चालतं, असं साडूंनी कुठेतरी वाचलं होतं. इकडच्या मोटरहोम जवळजवळ सगळ्या डिझेलवर, त्यामुळे दुसऱ्या कोणाला हा प्रश्न पडलाच नसता. विक्रेत्याने परोपरीने समजावलं, ‘सर, एव्हरीबडी बाइज डिझेल.’ साडू शांतपणे म्हणाले, ‘एव्हरीबडी इज नॉट माय वाइफ.’ 

आता हादरे मोजायचे कसे? स्वतःच्या पाठीवर साडूंचा भरवसा नव्हता. ती निरोगी, म्हणजे कुचकामाची. ताईला घेऊन जायचं तर तिलाच दुखणार. शेवटी त्यांना दही सुचलं. स्टीलच्या भांड्यात घट्ट कवडी दही लावायचं, ते गाडीत ठेवून फेरी मारायची आणि परत आल्यावर पाहायचं, किती मोडलं आणि किती पाणी सुटलं. मी हसलो तर म्हणाले, ‘हसू नका. दही खोटं बोलत नाही.’ मला यायचं नव्हतं, पण मी साडू पडलो. डिझेलच्या फेरीला भांडं मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवलं होतं आणि शेजारी मी. भांड्याला हात लावायची मला सक्त मनाई होती. विक्रेत्याने आरशातून बघून विचारलं, ‘इज दॅट योगर्ट, सर?’ साडू म्हणाले, ‘फॉर द नेक्स्ट हाफ अवर, दॅट इज माय वाइफ्स बॅक.’ बिचाऱ्याने त्यानंतर प्रत्येक वळण असं घेतलं की एखाद्या म्हातारीला रस्ता ओलांडून देतोय. दही जसंच्या तसं राहिलं.

दुसरा कोणी असता तर तिथेच सही करून मोकळा झाला असता. साडूंना तुलना हवी होती. पेट्रोलवाली मोटरहोम शोधण्यात पुढचे कित्येक आठवडे गेले. ती अखेर केंब्रिजजवळच्या एका खेड्यात सापडली. एका निवृत्त प्राध्यापकाने ती हौसेने अमेरिकेहून आणवलेली, इतकी अवाढव्य की गल्लीतून बाहेर काढताना कुंपणावरचं मांजर आपणहून आत गेलं. पुन्हा मी, पुन्हा भांडं, पुन्हा बेल्ट. गाडी खरोखर लोण्यासारखी चालली. पण झाकण उघडलं तर दह्याचे तुकडे पाण्यात तरंगत होते. साडूंचा चेहरा उजळला. पेट्रोल बाद, डिझेल पक्कं! त्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. ‘सोमवारी जातो आणि बुक करतो,’ असं ते म्हणाले आणि ताईने माझ्या बायकोचा हात टेबलाखाली दाबला.

तेवढ्यात कढीचं कौतुक निघालं आणि ताई सहज बोलून गेली, ‘दूध चांगलं असलं की कढी छान होते गं. त्या केंब्रिजच्या वेळी घरातलं ब्लू टॉप संपलं होतं. मी आपलं ग्रीन टॉपचंच दही लावून दिलं.’

साडूंनी चमचा खाली ठेवला. निळ्या झाकणाचं दूध सायीचं आणि हिरव्या झाकणाचं पातळ, हे आमच्याकडच्या पोरांनाही ठाऊक. ‘अगं, मग ते पाणी गाडीने सुटलं की दुधाने?’

‘अहो, काय फरक पडतो? डिझेलवर दही नीट राहिलं ना? तीच घ्या ना.’

‘असं कसं? पेट्रोलवर अन्याय झाला.’

बायकोच्या पाठीपेक्षा पेट्रोलवरच्या अन्यायाची काळजी करणारा नवरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. प्रयोग नव्याने करायचा ठरलं. तोवर प्राध्यापक आपली गाडी घेऊन थंडीसाठी स्पेनला निघून गेले होते. साडू म्हणाले, येऊ देत परत, पोरीच्या बाळंतपणाला वेळ आहे. नातवंडाने मात्र आजोबांची वाट पाहिली नाही. एका सकाळी जावयाचा फोन आला: वेदना वेळेआधीच सुरू झाल्यात, हॉस्पिटलला निघालोय, आई, येताय ना?

ताईने फोन ठेवला आणि बॅग भरली. माझ्या बायकोला फोन करून म्हणाली, ‘चल, ट्रेनने जाऊ.’ दिवसभराचा प्रवास, पाठीचं काय, साडूंनी विचारून पाहिलं. ती म्हणाली, ‘बसवलं नाही तर उभी राहीन.’ आवाज चढवला नाही. साडूंनी तिची बॅग उचलली.

किंग्ज क्रॉस स्टेशनवर सोडायला साडू आणि मी गेलो. ताई डब्याच्या दाराशी उभी होती, कमरेचा पट्टा कोटावरूनच आवळलेला. तेवढ्यात साडूंनी पिशवीतून ते स्टीलचं भांडं काढलं. प्रवासाला निघताना हातावर दही द्यायचं, एवढं मात्र विसरले नव्हते. झाकण उघडलं. स्टॅनमोरपासून ट्यूबमधून, म्हणजे भुयारी रेल्वेतून, हिंदकळत आलेलं दही. त्याचं जे व्हायचं ते झालेलं होतं.

‘पाणी सुटलंय गं,’ ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

ताईने हात पुढे केला आणि दही खाऊन टाकलं. ‘मला चालतं हो,’ ती म्हणाली. ‘चालत नाही असं मी कधी म्हटलं होतं?’

गाडी गेली.  आम्ही बाकावर बसलो. संध्याकाळी साडूंच्या लेकीचा फोन आला, मुलगी झाली होती; आई पोचण्याच्या जरा आधी. साडू फोनवर फक्त एवढंच विचारत राहिले, ‘तुझी आई कशी आहे? पाठ कशी आहे?’

मोटरहोमचं नाव त्यानंतर त्यांनी काढलं नाही. प्राध्यापक स्पेनहून परतले असतील, साडूंनी फोन केला नाही. घरात दही आता तेच लावतात. आम्ही जेवायला गेलो की भांडं स्वयंपाकघरातून दोन्ही हातांत धरून आणतात, पावलं मोजून टाकत, आणि ताईसमोर ठेवतात. ती बघतसुद्धा नाही. पहिला चमचा घालून सरळ ढवळून टाकते.