आधी भिंती, मग ऊब

क्रमकाकांनी गरम चहा कधी प्यायला असेल असं मला वाटत नाही. कप पुढ्यात आला की आधी त्याचा कान उजवीकडे वळवायचा, मग बिस्किट बशीच्या कडेला लावायचं, मग वाफेने धुरकट होऊ नये म्हणून चष्मा काढून डबीत ठेवायचा, आणि मगच पहिला घोट. मध्ये कुणी काही विचारलं तर हात वर करून त्याला थांबवायचे आणि पुन्हा कपाच्या कानापासून सुरुवात. समोर बसून हे बघताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मुळात तापट, त्यात डोंबिवलीची. आमच्याकडे चहा उभ्याउभ्याच होतो.

त्यांचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. जपानमधल्या त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत ते वर्षानुवर्षं होते. आमच्या नवऱ्यांसारखे दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेले पोस्टडॉक नव्हेत. त्यांचं स्वतःचं घर होतं आणि घराला लागून पत्र्याचं, शटरवालं गॅरेज. "क्रम चुकला की काम चुकलं," हे त्यांचं वाक्य. कचऱ्याच्या पिशव्या असोत, मोदकाचं सारण असो की लहान मुलाला बूट घालणं असो, ते सगळीकडे लागू. आम्ही पाठीमागे हसायचो आणि म्हणूनच त्यांना क्रमकाका म्हणायचो.

अकरा सालच्या भूकंपानंतर हसायची सोय राहिली नाही. जमीन हलायला लागली तेव्हा काकांनी आधी प्रयोगशाळेचं दार सताड उघडून त्यात खुर्ची अडकवली आणि मग सगळ्यांना टेबलांखाली पिटाळलं. शेजारच्या खोलीचं दार चौकटीत असं रुतलं की तिथल्या लोकांना काच फोडून बाहेर यावं लागलं. माझा नवरा काकांच्या खोलीत होता. तो अंगावर ओरखडाही न उठता घरी आला, हे मी विसरलेले नाही. पण त्या दिवसापर्यंत जी नुसती सवय होती, तिचा पुढे कायदा झाला, आणि तो कायदा सगळ्यात आधी काकूंच्या अंगावर आला.

काकू म्हणजे त्यांची बायको. पूर्वी नाशिकला शाळेत मराठी शिकवायच्या. त्सुकुबात दर शनिवारी सकाळी त्या आमच्या मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायच्या, अगदी हौसेने. माझी सई तेव्हा नुकती पहिलीत गेली होती. घरी मी मराठीत विचारायचे आणि ती जपानीत उत्तर द्यायची. त्या वर्गात मात्र "काकू, माझी पेन्सिल हरवली" असं ठणठणीत मराठीत सांगायची. दारामागे उभी राहून ते ऐकायला मी मुद्दाम लवकर जायचे.

भूकंपात आमच्या वर्गाच्या हॉलचं छत खाली आलं आणि हॉल बंद झाला. फ्लॅटमध्ये मुलं जमवली की खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायचे. काकांच्या दिवाणखान्याच्या छताला चीर गेली होती, तर "आधी तपासणी, मग वापर" म्हणून त्यांनी ती खोलीच बंद करून टाकलेली. तपासायला सुतार मिळेना, कारण त्या वर्षी सगळे सुतार पडक्या घरांच्या कामात अडकलेले. उरलं गॅरेज. काकूंनी गाडी बाहेर काढायला लावली, घडीची टेबलं मांडली आणि वर्ग सुरू केला.

पावसाळा-उन्हाळा मजेत गेला. वर्ग सुरू व्हायच्या आधी काका मुलांकडून कवायत करून घ्यायचे. थाळी बडवत ओरडायचे, "आधी दार, मग टेबल!" की एका मुलाने धावत जाऊन बाजूचं दार उघडायचं आणि बाकीच्यांनी तेच ओरडत टेबलाखाली घुसायचं. मुलं खिदळायची, काका अजिबात हसायचे नाहीत. एकदा सई दाराआधी टेबलाखाली गेली, तर त्यांनी तिला पुन्हा पुन्हा करायला लावलं, तिला रडू येईपर्यंत. मी बोलायला गेले तर म्हणाले, "रडू दे. रडली तर लक्षात राहील."

मग थंडी आली. पत्र्याचं गॅरेज ते, सकाळी आत बसलं की जमिनीतून गारठा हाडांत शिरायचा. काकू म्हणाल्या, "अहो, एक रॉकेलचा स्टोव्ह आणा."

काका म्हणाले, "आधी भिंती, मग ऊब."

त्यांचं म्हणणं असं, की उघड्या पत्र्याच्या खोलीत रॉकेल जाळलं की वाफ होते, ती थंड पत्र्यावर जमते, आणि त्यावर भिंत चढवली की आतून बुरशी धरते. म्हणून आधी थंडी अडवणारं ग्लासवूल भरायचं, त्यावर जिप्सम बोर्ड ठोकायचे, सांध्यांत पुट्टी भरायची, आणि सगळं वाळल्यावर धूर बाहेर सोडणारा चांगला हीटर बसवायचा. आमच्यातल्याच एका डॉक्टरेटवाल्याने फाटा फोडला, की ऊब नसेल तर पुट्टी वाळणार कशी? झालं, चर्चेचं गुऱ्हाळ सुरू. दर शनिवारी आमचे पुरुष गॅरेजच्या तोंडाशी हातात चहा घेऊन उभे. कुणी आर्द्रतेवर बोलतोय, कुणी पत्र्याला हात लावून बघतोय, आणि त्यांच्या पायाशी आमची पोरं हातमोजे घालून क-ख-ग गिरवताहेत. सगळेच्या सगळे पीएचडी! एकाच्याही डोक्यात येऊ नये की पोरांची बोटं गारठलीत? आजही तो घोळका आठवला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

शेवटी मीच हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून स्टोव्ह आणला आणि काकांना न विचारता पेटवला. मुलांनी कोट काढले. काकूंनी हात शेकले आणि फळ्यावर मोठ्ठा 'ऊ' काढला. थोड्याच वेळात वरच्या पत्र्यावरून थेंब गळायला लागले, मुलांच्या वह्यांवर, अक्षरांवर. काकांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. नुसतं म्हणाले, "बघितलंस?"

त्यांचं बरोबर होतं म्हणून तर मला जास्त राग आला. काकू मात्र म्हणाल्या, "गळू दे. छत्र्या धरून शिकवीन मी." त्या चेष्टा करत नव्हत्या. काकांनी ऐकून घेतलं, स्टोव्ह विझवला आणि तो थंड झाल्यावर पुसून माझ्या गाडीत आणून ठेवला.

मग त्यांनी कामाला हात घातला. रोज संस्थेतून आल्यावर एकटेच खपायचे. मदत नको, कारण दुसऱ्याच्या हातून क्रम चुकतो. बोर्ड असे बसवले की दोन बोर्डांमध्ये नखही शिरू नये. पुट्टी मात्र त्या गारठ्यात वाळेना. वरून सुकल्यासारखी दिसायची आणि मग तडकायची. काका ती सगळी खरवडून काढायचे आणि नव्याने भरायचे. मी एकदा हात जोडून म्हटलं, "काका, भेगा राहू देत हो. मुलं भिंती बघायला येत नाहीत." ते शांतपणे म्हणाले, "अर्धवट भिंतीच्या आत मुलं बसवायची नसतात. एक भूकंप पुरे झाला." त्यांची भीती मला तेव्हा दिसली. दिसली, पण त्याने माझा राग काही ओसरला नाही.

मुलं गळत गेली. कुणाला खोकला झाला, कुणाला शनिवारचं फुटबॉल लागलं, एक कुटुंब भारतीय शाळेसाठी तोक्योतल्या हिगाशी-कसाईला गेलं. एके सकाळी सईने बूट घालायला नकार दिला. "सामुइ कारा यादा," म्हणाली. थंडी वाजते, मला नको. मी तिला ओढत नेलं नाही. काकूंनी पुढचे काही शनिवार रिकाम्या टेबलांपुढे बसून काढले आणि मग फळा पुसून घरात नेला.

थंडी सरायच्या आत काकांचा सगळ्यांना फोन आला, "काम पूर्ण झालंय, शनिवारी या." आम्ही दोन-तीन घरं गेलो. बाहेर वारा कापत होता आणि आत खरोखर छान ऊब होती. भिंती पांढऱ्याशुभ्र, हात फिरवला तर सांधा कुठे आहे ते कळू नये. काका चष्मा पुसत उभे होते. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"झकास झालंय," त्या म्हणाल्या. "पण क्रम चुकला हो तुमचा. आधी मुलं असतात. मग ऊब. मग भिंती."

ट्रे माझ्या हातात देऊन त्या घरात गेल्या. काकांनी आधी हीटर बंद केला, मग दिवा, मग आम्ही बाहेर पडल्यावर शटर. तो वर्ग पुन्हा भरला नाही. काही वर्षांनी आम्ही तोक्योला, कोतो भागात राहायला आलो. काका निवृत्त होऊन काकूंसह नाशिकला परतले. मध्यंतरी ते गेल्याचं कळलं. मी काकूंशी फोनवर बोलले, रडले, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मला ते जमत नाही.

परवा संध्याकाळी आमची इमारत चांगलीच हलली. मी कढईसमोर नुसती उभी राहिले. सई आता कॉलेजात आहे. तिला मराठी वाचता येत नाही, बोलताही येत नाही, माझ्या आईशी फोनवर ती नुसती हसते. ती खोलीतून धावत आली, तिने आधी बाहेरचं दार उघडून त्यात चप्पल अडकवली, मला हाताला धरून टेबलाखाली ओढलं आणि ओरडली, "आधी दार, मग टेबल!" शुद्ध, ठणठणीत मराठीत. त्या वर्गातलं तिच्याजवळ एवढंच उरलंय, आणि तेही काकूंचं नाही, काकांचं.

हलणं थांबल्यावर मी नाशिकला फोन लावला आणि काकूंना सगळं सांगितलं.

"दार आधी उघडलं ना तिनं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं शिकवलं त्यांनी." मग त्यांचा आवाज चढला, अगदी काका शेजारच्या खोलीत बसले असावेत तसा. "पण अगं, तुझा तो स्टोव्ह त्यांनी ठेवून घ्यायला हवा होता."