माहूरचा बेत

माहूरला कोण जात नाही? आमच्या दिग्रसहून तर पौर्णिमा आली, नवरात्र आलं की गाड्या भरभरून निघतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून सासवा-सुना, नणंदा-भावजया, ज्यांचं वर्षभर पटत नाही त्याही शेजारी-शेजारी बसून जातात. मी मात्र साठी ओलांडली तरी माहूर पाहिलेलं नाही. हे सांगितलं की लोक आधी चकित होतात. मग आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना आठवतं आणि ते स्वतःच समजूतदारपणे मान हलवतात. मला त्या मान हलवण्याचा फार राग येतो. मला माहूरला जायचंच आहे. देवीला नाही, दर्ग्यालाही नाही. तिथे डोंगरावरच्या किल्ल्यात महाल आहे, तो मला पाहायचा आहे.

हा बेत माझा एकटीचा नव्हे. तो आपाचा आणि माझा.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. आपाचं बांगड्यांचं दुकान दवाखान्यावरून माझ्या खोलीकडे येताना वाटेत लागायचं. ड्यूटीवर नर्सच्या हातात बांगडी चालत नाही, आणि लग्न मी केलं नाही, त्यामुळे हात रिकामे आहेत म्हणून कोणी टोकायला घरीही नव्हतं. म्हणजे आपाला माझ्यासारखं निरुपयोगी गिऱ्हाईक दुसरं मिळणं कठीण. तरीही पहिल्या दिवशी तिनं मला हाक मारली ती चहासाठी. "सिस्टर, पाय दुखले असन. बस जराशी." सारं गाव मला सिस्टर म्हणायचं, तीही म्हणायला लागली, आणि पुढे इतक्या वर्षांत तिनं मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. ती माझ्याहून थोडी मोठी, म्हणून माझी आपा.

आपा दर वर्षी माहूरच्या जत्रेत बांगड्यांचं दुकान लावायची. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर पोराला घेऊन. डोंगराच्या पायथ्याशी पाल टाकून बसायची. समोरून माणसांचा लोंढा वर जायचा आणि खाली यायचा, आणि त्यातल्या बायका तिच्यापुढे हात करायच्या. दुकान सोडून ती कधी वर गेली नाही. "म्या माहूरचे हातच पाह्यले सिस्टर," ती म्हणायची. "मोठे, लहान, सुजलेले, घट्टे पडलेले. महाल काही दिसला नाही. लोक उतरले का म्हणत, काय महाल हाय वो! अन् मी म्हणो, हात सैल सोड बाई, बांगडी फुटन."

एका संध्याकाळी मी सहज म्हटलं, "मंग आपण जाऊ ना पाहाले." तो दिवस आणि आजचा दिवस.

आमच्यासारखा बेत कोणी आखला नसेल. सकाळच्या गाडीनं आर्णी, आर्णीहून दुसरी गाडी माहूर, तिथून वर जीप. डब्यात तिखट पुऱ्या आणि आलूची कोरडी भाजी, कारण पातळ भाजी सांडते. पिशवी काखेत धरायची, हातात नाही, कारण तिथली माकडं हातातलं ओढून नेतात. ती मोरपंखी साडी नेसणार, मी जांभळी. ती साडी तिनं एकदा ईदला काढली तर मी भांडले होते, माहूरच्या आधीच जुनी करून टाकशील म्हणून. डबा महालातच उघडायचा, असं आपानं ठरवून टाकलं होतं. राजाचा महाल म्हणजे आत गार असणार, दगडी फरशीवर बसायचं, पाय पसरायचे. आणि एक अट दोघींना कबूल होती. फोनवर महालाचे फोटो कोणी पाहायचे नाहीत. सारं इथेच पाहून घेतलं तर जायचं कशाला?

भांडण फक्त गर्दीवरून व्हायचं. मी म्हणायची मधल्या वारी जाऊ, गर्दी नसते. जन्मभर ओपीडीच्या रांगा सांभाळल्यावर मला माणसांचा घोळका दिसला की कपाळ उठतं. आपाला रविवारच हवा. "राजा होता तवा का महाल रिकामा राहात होता? माणसं असली तरच महाल वाटते. नाहीतर खंडहर." मग मी चिडायची, ती हसायची, चहा गार व्हायचा.

जायचं मात्र राहून जायचं. कधी माझी रजा नामंजूर, कधी तिच्या पोराची परीक्षा, मग माझ्या आईचं आजारपण, मग आपाचे गुडघे. खरं सांगायचं तर निमित्तं आम्हाला फारशी शोधावी लागली नाहीत आणि ती मिळाल्याचं दुःखही झालं नाही. माहूर तिथेच होतं आणि संध्याकाळ रोज यायची.

मग आपाच्या मुलानं हैदराबादला घर घेतलं आणि तिला घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नाही. म्हातारी आई एकटी कशी ठेवायची, आणि बांगड्यांचं दुकान आता चालतं तरी कुठे? जायच्या दिवशी आपानं माझ्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. "आता रिटायर झाली ना. आता कोण काढाले लावते?" म्हणाली. मी त्या काढल्या नाहीत. काम करताना एकेक फुटत गेली.

तिच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. मी वाट बदलली. लांबून जाते, पण तिथून जात नाही. एकटं राहायची मला सवय आहे असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं होतं. मला एकटं राहायची नव्हे, आपाच्या दुकानावरून घरी येऊन एकटं राहायची सवय होती. या दोन गोष्टींत किती फरक आहे ते ती गेल्यावर कळलं. संध्याकाळी घरात माझा आवाजच निघत नसे. दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की घसा खरखरायचा.

एवढंच बरं की फोन होता. संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की आपाचा फोन यायचा. जेवली का, पाणी आलं का, एवढं विचारून झालं की ती म्हणायची, "मंग, कवा जाऊ?" बेत नव्यानं आखावा लागला. आता ती किनवटकडून येणार, मी आर्णीकडून. माहूरच्या स्टँडवर उसाच्या रसाच्या गाडीपाशी भेटायचं. जी आधी पोचेल तिनं रस प्यायचा नाही, थांबायचं. रसाची गाडीच नसली तर, असं मी विचारलं. "स्टँडवर रसाची गाडी नाही असं होते का कुठं?" ती म्हणाली, आणि त्यावरही आमचं बराच वेळ चाललं.

या उन्हाळ्याच्या तोंडाला एका रविवारी तिचा फोन आला नाही. मी वाट पाहिली. मग तिच्या सुनेनं काही टाकलंय का म्हणून व्हॉट्सॲपवर स्टेटस पाहिलं. सून नातवाचे फोटो मला पाठवायची, त्यामुळे तिचा नंबर माझ्याकडे होता.

नातू दगडी कमानीसमोर उभा होता. खाली लिहिलं होतं, माहूर का किला. पुढच्या फोटोत सुनेचे आई-वडील, दर्ग्यावरची चादर, हार. नातवाची मन्नत होती, ती फेडायला सगळे आले होते. त्याच्या पुढच्या फोटोत माणसंच माणसं, खांद्याला खांदा, आणि मागे महालाची भिंत. त्या भिंतीच्या पडक्या कडेवर, गर्दीच्या एका बाजूला, आपा बसली होती. मी फोटो बोटांनी मोठा केला. सर्वांत आधी साडी पाहिली. मोरपंखी नव्हती. घरातली तपकिरी होती. मी आणखी मोठा केला तेव्हा चेहरा फुटून गेला, काही कळेना.

म्हणजे महाल मी पहिल्यांदा पाहिला तो असा.

मला किती राग आला ते सांगून समजणार नाही. माहूर ते दिग्रस, गाडीत बसलं की किती लांब? ती एवढ्या जवळ आली आणि मला नुसतं सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर मी माहूरला गेले असते. गर्दीत उभी राहिले असते. रसाच्या गाडीपाशी दिवसभर थांबले असते. गाडी सुनेच्या वडिलांची असेल, परतायची घाई असेल, आपाला कोणी विचारलंही नसेल, हे सगळं मला सुचलं. सुचून राग कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी फोन आला. "काल काहून नाही केला?" मी विचारलं. "गुडघा ठणकत होता वो, पडून होती घरीच," आपा म्हणाली. आणि जराशानं, जसं काही झालंच नाही अशी, "मंग, कवा जाऊ?"

मी म्हटलं, पाहू. त्यानंतर आठवडाभर पाहूच म्हणत राहिले. तिच्या ते लक्षात आलं असणार, कारण ती जास्त बोलायला लागली.

शेवटी मी ठरवलं की आपणही जायचं. एकटीनं. रविवारी, भर गर्दीत. वर जाऊन फोटो काढायचा आणि स्टेटसला टाकायचा, सुनेला दिसेल, मग आपालाही दिसेल. इतक्या वर्षांच्या बेतात मी पहिल्यांदाच खरोखर कामाला लागले. स्टँडवर जाऊन आर्णीची गाडी विचारून आले. "दर्शनाले का?" चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं. मी म्हटलं, महाल पाहाले. त्यानं माझ्या मागे पाहिलं, बरोबर कोण आहे ते. "एकट्याच?" म्हणाला.

शनिवारी दुपारी जांभळ्या साडीला इस्त्री केली. चार वाजता कणीक भिजवली, तिखट-मीठ, ओवा, तीळ घातले. पुऱ्या तळून परातीत पाहिल्या तर दोघींच्या झाल्या होत्या. इतकी वर्षं बेतात माप तेवढंच होतं. आलूची भाजी कोरडी केली. पिशवी भरून दाराशी ठेवली. तिचा बंद मी काखेत बसेल असा आखूड करून घेतला होता.

अंधार पडता पडता फोन वाजला. मी उचलणार नव्हते, पण उचलला.

"काय करून राह्यली?" आपा म्हणाली.

"काही नाही. बसली हाये."

"तुले एक सांगाचं राह्यलं होतं. माहूरले जाऊ तवा छत्री ठेवजो सोबत."

"कायले छत्री? महालात गार असते म्हणून तूच सांगत होती."

"थे मी असंच म्हणत होती वो. वर छप्पर नाही. भिंतीच हायेत नुसत्या, सारं उघडं. बसाले गेलं का ऊन नीट डोक्यावर येते. अन् तुले ऊन सोसत नाही, तुई अर्धशिशी उठते."

बोलून गेल्यावर ती थांबली. तिच्या मागे टीव्ही चालू होता, नातू काहीतरी मागत होता. तुले कोणं सांगतलं, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. तेवढं विचारलं असतं तर ती खरं बोलली असती, आपाला दुसऱ्यांदा खोटं बोलता येत नाही. मग ती रडली असती, मी समजूत काढली असती आणि पाहून झालेल्या महालाचा बेत त्यानंतर आम्ही कुठल्या तोंडानं आखला असता?

आणि मला तो फोटो दिसत होता. सगळे वर फिरत असताना ती त्या भिंतीवर उन्हात बसली होती, तपकिरी साडीत, आणि माझ्या डोकेदुखीचा विचार करत होती.

"एक ठेवू का दोन?" मी विचारलं.

आपानं श्वास सोडला तो मला ऐकू आला. "एकच ठेवजो. मोठी पाहून. एवढ्या गर्दीत दोन छत्र्या कायले?"

"गर्दीत नाहीच जायचं आपल्याले. मधल्या वारी जायचं."

"रविवारीच जायचं," आपा म्हणाली, आणि आमचं सुरू झालं.

सकाळी आर्णीची गाडी गेली तेव्हा मी चहाबरोबर पुऱ्या खात होते. दुपारीही त्याच खाल्ल्या, आणि रात्रीही. मग माळ्यावरून मोठी काळी छत्री काढली, उघडून पाहिली. एक काडी निसटली होती. उद्या दुरुस्त करून आणायची आहे. आपाच्या जुन्या दुकानासमोरच छत्र्या नीट करणारा बसतो.