कुंदाकाकूंचं हँडल

कुंदाकाकूंच्या प्रत्येक फोटोत सायकलचं हँडल यायचं. पळस फुललेला, पुढे हँडल. बगळा उभा, त्याच्या पायाशी घंटी. कामठीत आम्ही शेजारी. पहिल्यांदा त्यांनी मोबाईल पुढे धरला, तेव्हा हसू आवरत मी विचारलं, "काकू, हँडल काहून घेता हो फोटोत?"

"उतरली तर मले पुन्हा चढवन कोण? तुझा नवरा?"

गुडघे पार गेलेले. घरच्या ओट्यावरून सायकलवर बसल्या की परत येईपर्यंत खाली उतरायचं नाव नाही. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, बांधावर छोटी पुलिया आली की कठड्यावर पाय टेकवायचा आणि फोटो काढायचा. काका गेल्यावर घरात रडत बसण्यापेक्षा हे बरं, असं म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, हँडल कापून देते, तर रागावल्याच. "राहू दे वं. मी तिथं होती, हे कसं समजन?"

गेल्या उन्हाळ्यात नहराचं पाणी बंद झालं आणि काठाला सिमेंट लावायचं काम सुरू झालं. दुसऱ्या पुलियाशी मातीच्या काठात खंड्या पक्ष्याचं बीळ होतं, आत पिल्लं. काकूंना त्यांचा फोटो हवा होता. पण आधी ती वाचायला हवी होती. त्यांनी सरळ मशीनसमोर सायकल आडवी घातली, गिट्टीच्या ढिगावर पाय टेकवला आणि मशीनवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, अंदर लेकरं आहेत. उडून जातपर्यंत एवढा तुकडा सोड ना गा."

तो भला माणूस. डोकं खाजवत म्हणाला, "ठीक आहे माय, समोरचं करून घेतो. पण जास्त दिवस नाही थांबता येत मले."

आणि मध्येच काकूंच्या हृदयाने दगा दिला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि हे त्यांना कळलं होतं. मी जवळ बसले की त्यांचं एकच चालायचं. "पिल्लं बाहेर आली असतीन वं. माही सायकल घेऊन जाय, पाहून ये."

शेवटी एका सकाळी मी त्यांची सायकल घेऊन गेले. मशीन अगदी जवळ येऊन थांबलेलं. बिळाच्या तोंडाशी एक पिल्लू चोच बाहेर काढून बसलं होतं. माझे गुडघे धडधाकट आहेत. तरी मी उतरले नाही. कठड्यावर पाय टेकवला आणि फोटो काढला.

काकूंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. पिल्लाकडे बराच वेळ पाहिलं. मग बोट खाली आणून घंटीवर ठेवलं.

"हँडल आलं बाप्पा!" त्या हसल्या. "म्हणजे मी बी गेली होती."

त्याच आठवड्यात काकू गेल्या. पिल्लंही उडाली, मी जाऊन बघून आले. आता तो काठ गुळगुळीत सिमेंटचा आहे, खंड्याला बीळ करायला माती उरलेली नाही. बघून फार वाईट वाटतं. तरी रविवारी मी त्यांच्याच सायकलवर तिथवर जाते. फोटो काढण्यासारखं काही नसतं. कठड्यावर पाय टेकवते आणि एक काढते, हँडलसकट.